वर्ध्याची ऑक्स-फोर्ड आणि मामांचे वीस घोडे

या आठवड्याच्या टपालात एक झकास पत्र आलंय. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी (मेघे)हून आठवीतल्या एका मैत्रिणीनं ते पाठवलंय. ती लिहिते, "माझ्या मामांनी टर्बो इंजिनाची छोटी कार घेतली आहे. एका गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं, 'दोन तास गाडी सोडा, वीस घोडे वाढवून देतो.' मामा एकदम खूश! आई म्हणते, असले उद्योग नकोत. दोघांची रोज जुंपते. मला एवढंच विचारायचंय, की गाडी तीच, इंजिन तेच, मग हे वीस घोडे येणार कुठून? आणि इतके दिवस ते कुठं लपले होते?"

शाब्बास! प्रश्न असावा तर असा. 'वाढवावेत की नाही' हा वाद तिनं बाजूला ठेवला आणि 'येणार कुठून' हे विचारलं. आपणही आधी तेच शोधू. त्याचं उत्तर नीट समजलं, की मामांना काय सांगायचं ते आपोआप कळेल.

आता ज्या गावाजवळून हे पत्र आलंय, तिथलीच एक गंमत ऐका. गांधीजी सेवाग्रामला राहत होते त्या काळात वर्ध्याच्या जमनालाल बजाजांकडे एक जुनी फोर्ड मोटार होती. तिला चक्क बैल जुंपलेले असायचे! इंग्रजीत बैलाला 'ऑक्स' म्हणतात, म्हणून लोक तिला थट्टेनं 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. म्हणजे मोटारीत किती जनावरांची ताकद आहे, हे वर्धेकरांना डोळ्यांनी मोजता येत होतं. दोन बैल, बस!

मामांच्या गाडीतली जनावरं मात्र दिसत नाहीत. ती मोजायला जेम्स वॉटनं 'अश्वशक्ती' हे माप रूढ केलं. आपल्याकडे गाड्यांच्या माहितीपत्रकात 'पीएस' लिहिलेलं असतं, ती मेट्रिक अश्वशक्ती. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचललं, की झाली एक अश्वशक्ती. विहिरीवर पंधरा लिटरच्या पाच भरलेल्या बादल्या एकदम बांधा आणि 'एक' म्हणेपर्यंत मीटरभर वर ओढा. जमलं तर तुम्ही त्या सेकंदापुरते घोडा!

इंजिन खातं काय?

कुणीही म्हणेल, पेट्रोल. पण हे अर्धंच उत्तर झालं. पेट्रोल जळायला हवा लागते, आणि तीही थोडीथोडकी नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते! भाजीत मीठ असावं तसं पेट्रोल, बाकी सगळी हवाच.

चला, गणित करू. वही घ्या. 1200 सीसीचं इंजिन म्हणजे सगळ्या सिलिंडरांत मिळून 1.2 लिटर जागा. चार टप्प्यांत काम करणाऱ्या अशा इंजिनात, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनात, दर दोन फेऱ्यांत एकदा ही जागा हवेनं भरते. मिनिटाला 5000 फेरे असतील तर 2500 वेळा भरेल. 1.2 गुणिले 2500 म्हणजे 3000 लिटर. दर मिनिटाला! आपण स्वस्थ बसलेलो असताना मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो.

त्या 3000 लिटर हवेचं वजन साधारण साडेतीन किलो. तिला 14.7 नं भागा. उत्तर येतं पाव किलोच्या आसपास. म्हणजे मिनिटाला पाव किलो पेट्रोलच त्या हवेत नीट जळू शकतं. तुम्ही जास्त ओतलंत तरी ते जळणार नाही, नुसता काळा धूर निघेल. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकर मारली नाही तर काय होतं, ते आजीला विचारा.

आता पहिलं उत्तर सापडलं. घोडे हवेतून येतात. जास्त घोडे हवेत तर इंजिनात जास्त हवा घाला. मग त्या मापानं पेट्रोलही जास्त जाळता येतं.

हवा कोंबायची युक्ती

पण 1.2 लिटरच्या जागेत जास्त हवा मावणार कशी? अहो, सायकलच्या ट्यूबमध्ये मावते तशीच. पंप मारून!

इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाला म्हणतात सुपरचार्जर. त्याचा मूळ पुरुष मोटारींहून जुना आहे. अमेरिकेतल्या रूट्स नावाच्या भावांनी 1860 साली हवा ढकलणाऱ्या एका यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे तशी यंत्रं भट्ट्यांना वारा द्यायला आणि खाणींत ताजी हवा पोचवायला कामी आली. 1921 साली बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजनं सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. त्याला ते 'कोम्प्रेसर' म्हणत. हे नाव महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरही दिसायचं. पुण्याजवळ जुळणी होणाऱ्या काही मर्सिडीज सी-क्लास गाड्यांच्या मागं 'कोम्प्रेसर' अशी अक्षरं असायची.

सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. पिठाच्या गिरणीत मोटरचा पट्टा जात्याला फिरवतो ना, अगदी तसा. म्हणजे इंजिन आपलेच थोडे घोडे देऊन हा पंप चालवतं आणि बदल्यात जास्त घोडे मिळवतं.

त्याचा भाऊ म्हणजे टर्बोचार्जर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. याला पट्टा नसतो. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा आत ढकलतं. वाया जाणाऱ्या धुरावर चालणारा पंप! वेग किती? मिनिटाला लाखाच्या पुढं फेरे. मात्र धुराला जोर यावा लागतो, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर काही टर्बो गाड्या क्षणभर विचार करतात आणि मग पळतात.

याचा पुरावा आपल्या रस्त्यांवरच आहे. टाटांची टियागो आली 2016 साली. तिचं पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरचं, 1199 सीसी, ताकद 85 पीएस. 2017 साली आलेली नेक्सॉन तयार होते पुण्याजवळ रांजणगावला. तिचंही इंजिन तीन सिलिंडरचं आणि जवळपास तेवढ्याच आकाराचं, पण टर्बोसकट. ताकद 110 पीएस! आणि 2020 साली प्रदूषणाचे नवे भारत स्टेज 6 नियम आले तेव्हा तिचीच ताकद झाली 120 पीएस.

"बघा!" मामा म्हणतील, "कंपनीनंच दहा घोडे वाढवले की नाही? मग माझ्या गॅरेजवाल्यानं वीस वाढवले तर काय बिघडलं?"

थांबा मामा. आता खरी गोष्ट सुरू होते.

दाबली की तापली

घरात सायकलचा पंप असेल तर आणा. टोकावर बोट ठेवून हवा थोडी अडवा आणि भराभर वीसेक वेळा दट्ट्या मारा. मग पंपाच्या खालच्या भागाला जपून हात लावा. गरम लागला ना? हवा दाबली की ती तापते. पंपाचं भांडं लहान असो की मोठं, हा नियम काही चुकत नाही.

आता हा नियम घेऊन वर्ध्याला जाऊ, तेही मे महिन्यात. बाहेर 45 अंश. ही हवा दीडपट दाबली तर हिशेबानं ती 80 अंशांच्या पुढं जाते. आणि प्रत्यक्षातला पंप काही शंभर टक्के चोख नसतो, म्हणून ती पार शंभराच्या आसपास पोचते. चहाचं आधण ठेवावं इतकी!

तापलेली हवा फुगते, विरळ होते. म्हणून गंमत अशी होते, की दाब वाढला पन्नास टक्के, पण आत गेलेली हवा वाढली फक्त पंचवीस टक्क्यांच्या जवळपास. अर्धी कमाई उष्णतेनंच खाल्ली! म्हणून पंप आणि इंजिन यांच्या मध्ये हवा थंड करणारी जाळी बसवतात. तिचं नाव इंटरकूलर. तिनं हवा 60 अंशांवर आणली, तर तीच वाढ चाळीस टक्क्यांच्या वर जाते. पण ही जाळी थंड होते कशानं? बाहेरच्या वाऱ्यानं. आणि बाहेर तर आपल्या वैदर्भी उन्हाच्या झळा!

इतकंच कशाला, टर्बो नसलेल्या इंजिनालाही ऊन भोवतं. डिसेंबरच्या पहाटे 15 अंश असताना जेवढी हवा एका घोटात आत जाते, त्यापेक्षा मेमधल्या 45 अंशांच्या दुपारी सुमारे नऊ टक्के कमी जाते. उन्हाळ्यात गाडीही बिचारी तुमच्या-आमच्यासारखीच मरगळते.

ठोका

विरळ हवेपेक्षाही वाईट गोष्ट पुढं आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडायच्या वेळी हवा-पेट्रोलचं मिश्रण शिस्तीत पेटायला हवं. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपायला हवं. पण ते आधीच फार तापलेलं आणि फार दाबलेलं असेल, तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. आत हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, 'इंजिन नॉक करतंय.' असे ठोके बसत राहिले तर पिस्टनला भोकं पडतात, गास्केट उडतं. पेट्रोलचा 'ऑक्टेन' आकडा जितका मोठा, तितकं ते हे ठोके जास्त सोसतं.

कारखान्यातल्या अभियंत्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून ते इंजिनाला थोडं राखून ठेवतात. का? कारण तीच गाडी मेमध्ये वर्ध्याला चालणार, जुलैत महाबळेश्वरचा घाट चढणार, कधी भेसळीचं पेट्रोल पिणार, कधी पाच माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन जाणार. आणि दहा वर्षं टिकणार!

मैत्रिणीचा दुसरा प्रश्न आठवतो ना? घोडे लपले कुठं होते? हे बघ, ते लपलेले नव्हतेच. ते राखणीला बसले होते. गॅरेजवाले इंजिनाच्या छोट्या संगणकातले आकडे बदलतात. टर्बोला सांगतात, अजून दाब. पेट्रोलला सांगतात, अजून सांड. घोडे लगेच मिळतात, हे खरं आहे. पण ते नवे घोडे नसतात. वाईट दिवसासाठी राखून ठेवलेलेच घोडे ते आजच गाडीला जुंपतात.

ऑक्सफर्डची मिनी

मग ताकद वाढवण्याची सरळ वाट नाहीच का? आहे की! पण ती दोन तासांची नाही.

2001 साली नवी मिनी कूपर आली. तिचं 1600 सीसीचं साधं इंजिन सुमारे 115 अश्वशक्तीचं. तिच्याच 'एस' नावाच्या बहिणीला सुपरचार्जर लावला आणि ताकद झाली 163. पण नुसता पंप लावून ते थांबले नाहीत. साध्या इंजिनात पिस्टन हवेला दहापटींहून जास्त दाबत होता. 'एस'मध्ये तो दाब आठपटींच्या जवळ खाली आणला. बाहेरून दाबलेली हवा येणार, म्हणून आतला दाब कमी केला. शिवाय बॉनेटमध्ये इंटरकूलर बसवला.

पुढे 'जॉन कूपर वर्क्स' या नावानं तिच्यासाठी 200 अश्वशक्तीचा संच निघाला. त्यात काय काय होतं? सुपरचार्जर जास्त वेगानं फिरावा म्हणून लहान पुली. गिरणीतला नियम आठवा, पट्ट्यावरची पुली लहान केली की ती जास्त फेरे मारते. (घरचा अभ्यास: पुलीचा व्यास 15 टक्के कमी केला तर फेरे किती टक्के वाढतील? 15 म्हणालात तर चुकलात. 1 ला 0.85 नं भागून बघा.) पुलीच्या जोडीला इंजिनाचं सुधारलेलं हेड, मोकळा सायलेन्सर आणि त्या सगळ्याला जुळणारे संगणकाचे नवे आकडे. सदतीस घोड्यांसाठी एवढा सगळा संसार हलवावा लागला!

आणि ही मिनी बनते कुठं, ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला! एक ऑक्स-फोर्ड वर्ध्याची, दुसरी मिनी ऑक्सफर्डची. धडा दोघींचा एकच. चार बैल जुंपायचे असतील तर जू, दांडी, चाकं सगळंच चार बैलांचं लागतं. नाहीतर बैल पुढं आणि गाडी मागं!

चाकं, ब्रेक आणि कायदा

आईचं म्हणणंही ऐकू या. वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. 2022 साली नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि 2025 साली मुंबईच्या दाराशी असलेल्या आमणेपर्यंतचे 701 किलोमीटर पूर्ण झाले. मोटारींना तिथं वेगाची मर्यादा ताशी 120. वीस घोडे वाढले म्हणून ही मर्यादा वाढत नाही, ब्रेकही वाढत नाहीत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला अंतर लागतं चौपट. आणि मेमधल्या तापलेल्या काँक्रीटवर टायरची अवस्था काय होते, ते वेगळं सांगायला नको.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणी-पुस्तकातला तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. त्यात गाडीची वॉरंटी धोक्यात, आणि अपघात झाला तर विम्याची कटकट. तेव्हा दोन तासांचं काम खूप महागात पडू शकतं.

मग मामांनी करायचं काय?

मामा हिरमुसले असतील. त्यांना सांग, हरवलेले घोडे तरी आधी परत आणा! धुळीनं बुजलेला एअर फिल्टर बदला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर भरतो. इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला कचरा आणि किडे साफ करून घ्या. टायरमध्ये दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी हवा ठेवा. सर्व्हिसिंग वेळेवर करा, आणि टर्बो गाडीला माहितीपुस्तिकेत सांगितलंय तेच ऑइल घाला. लाख फेरे मारणाऱ्या त्या दांड्याचा जीव त्या ऑइलमध्येच असतो.

आणि हो, डिकी रिकामी करा. शंकरपटाची गाडी पाहिलीय ना? कापसाच्या बंडीपेक्षा ती किती हलकी असते! बैल तेच, पण ओझं कमी, म्हणून ती पळते. हजार किलोच्या गाडीतून पन्नास किलो सामान उतरवलं, तर उचल घेताना पाच टक्के घोडे वाढल्यासारखंच आहे. तेही फुकट!

तुमच्यापैकी कुणाला पुढं खरोखर इंजिनांशी खेळायचं असेल, तर त्याचीही जागा आहे. पुण्यात 1966 पासून 'एआराय' ही संस्था गाड्यांची आणि इंजिनांची तपासणी करते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाजा' नावाची स्पर्धा भरते. मुलं स्वतः गाडी बनवतात आणि खाचखळग्यांतून पळवतात. पण गंमत अशी, की वर्षानुवर्षं तिथं सगळ्या संघांना एकाच जातीचं, दहाएक अश्वशक्तीचं इंजिन मिळत आलंय आणि त्याची ताकद वाढवायला सक्त मनाई! घोडे सगळ्यांचे सारखे. मग जिंकतं कोण? ज्यांनी गाडी हलकी, मजबूत आणि हुशारीनं बांधली ते.

तर पिपरी (मेघे)च्या मैत्रिणी, आता मामा आणि आई दोघांनाही एकत्र बसव आणि हे पान वाचून दाखव. मामांना म्हणावं, घोडे हवेतून येतात हे तुमचं खरं. आईला म्हणावं, राखणीचे घोडे राखणीलाच राहू द्यावेत हे तुझं खरं. मग दोघांकडून एकेक आइसक्रीम वसूल कर!

आणि बाकीच्या दोस्तांनो, पुलीच्या गणिताचं उत्तर आम्हाला जरूर कळवा. बरोबर एखादा प्रश्नही पाठवा. फक्त तो असाच असू द्या, दोन मोठ्या माणसांचं भांडण थांबवणारा!